रोटरी इंजिनाच्या स्वबांधणीच्या विमानासाठी इंजेक्टर कसे निवडावेत

स्वतः बांधत असलेल्या विमानात रोटरी इंजिन बसवायचे ठरवलेला माणूस इंधनप्रणालीपाशी आला की बहुधा एकच प्रश्न विचारतो: एवढ्या अश्वशक्तीला मिनिटाला किती मिलिलिटरचे इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणाऱ्या विद्युत झडपा) लागतील? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर साध्या गुणाकार-भागाकाराने मिळते. पण मोटारीचा इंजेक्टर बंद पडला तर गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते, विमानाला ती सोय नाही. म्हणून विमानासाठी त्याच्याही आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: चारपैकी दोन इंजेक्टर निकामी झाले तर उरलेल्या दोघांच्या जोरावर विमान उंची राखू शकेल का? पुढची सगळी निवड या प्रश्नाभोवती फिरते.

उदाहरण म्हणून माझदाचे १३बी हे दोन रोटरांचे (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी भागांचे), टर्बो नसलेले इंजिन घेतले आहे, कारण विमानासाठी रूपांतरित होणाऱ्या रोटरी इंजिनांत तेच सर्वाधिक वापरात आहे. तीन रोटरांचे २०बी किंवा लहान १२ए असेल, तर पद्धत तीच राहते, फक्त आकडे बदलतात.

आधी हवेचा हिशेब

१३बीच्या प्रत्येक रोटरच्या कक्षाचे आकारमान ६५४ मिलिलिटर आहे आणि दोन रोटर मिळून ते १३०८ मिलिलिटर होते. रोटरला तीन बाजू असतात आणि रोटरचा एक फेरा होईपर्यंत एक्सेंट्रिक शाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, तीन फेरे होतात. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा हवा घेतो. चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनात तेवढेच काम व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. त्यामुळे १.३ लिटरचे हे इंजिन हवा आणि इंधन मात्र २.६ लिटरच्या पिस्टन इंजिनाइतके घेते. मोटारीसाठी बनवलेल्या गणकयंत्रात १.३ लिटर हा आकडा जसाच्या तसा टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना इंजेक्टरचा आकार निम्मा मिळतो आणि चूक कळते ती पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटल दिल्यावर, जेव्हा मिश्रण लीन होऊन, म्हणजे त्यात इंधन कमी पडून, इंजिन ठोके देऊ लागते. रोटरच्या टोकांवरचे एपेक्स सील असे ठोके फार काळ सोसत नाहीत.

मग इंधनाचा हिशेब

समजा, मिनिटाला ६००० फेऱ्यांना आपल्याला १८० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १३४ किलोवॅट मिळवायचे आहेत. पूर्ण शक्तीला मिश्रण रिच, म्हणजे जास्त इंधनाचे, ठेवले तर रोटरी इंजिन दर किलोवॅट-तासाला सुमारे ३५० ग्रॅम इंधन घेते, तर क्रूझमध्ये (स्थिर वेगाच्या प्रवासात) काळजीपूर्वक लीन केल्यावर ३२० ग्रॅमच्या आसपास. पिस्टन इंजिनापेक्षा हे आकडे थोडे जास्त आहेत, कारण दहनकक्ष लांबट असतो आणि भिंतींना उष्णता जास्त जाते. आता १३४ ला ३५० ग्रॅमने गुणले की ताशी ४६.९ किलो इंधन होते. पेट्रोलची घनता लिटरला ०.७४ किलो धरली तर ताशी ६३.४ लिटर, म्हणजेच मिनिटाला साधारण १०५७ मिलिलिटर. एका रोटरच्या वाट्याला ५२८ मिलिलिटर येतात.

हा आकडा हवेच्या बाजूनेही तपासून पाहावा. ६००० फेऱ्यांना इंजिन मिनिटाला ७८४८ लिटर हवा घेऊ शकते. भरण्याची कार्यक्षमता ९५ टक्के, हवेची घनता लिटरला १.२ ग्रॅम आणि हवा-इंधन प्रमाण १२.५ धरले तर मिनिटाला सुमारे ९७० मिलिलिटर इंधन लागते. दोन वेगळ्या वाटांनी काढलेली उत्तरे एकमेकांच्या दहा टक्क्यांत आली, तर गृहीतके ठीक आहेत असे समजावे आणि मोठा आकडा पुढे न्यावा. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल वापरणार असाल, तर दहा टक्के इथेनॉलसाठी सुमारे चार टक्के इंधन जास्त धरावे.

वेळेचे बंधन

रोटरी इंजिनात खरी अडचण इथे येते. ६००० फेऱ्यांना शाफ्टचा एक फेरा १० मिलिसेकंदांत पुरा होतो आणि इंजेक्टरला दर फेऱ्याला एकदा उघडावे लागते. तेवढ्याच फेऱ्यांच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक इंजेक्टरला २० मिलिसेकंद मिळतात. विद्युतप्रवाह सुरू झाल्यापासून इंजेक्टरची सुई प्रत्यक्ष उचलली जाईपर्यंतचा वेळ, ज्याला डेड टाइम म्हणतात, १४ व्होल्टला साधारण १ मिलिसेकंद असतो. पिस्टन इंजिनात तो उपलब्ध वेळेच्या पाच टक्के खातो, रोटरीत दहा टक्के.

म्हणून ८० टक्के ड्यूटी सायकलची (उपलब्ध वेळेपैकी इंजेक्टर चालू ठेवण्याच्या वाट्याची) नेहमीची मर्यादा पाळली, तर १० पैकी ८ मिलिसेकंद इंजेक्टर चालू राहतो, पण इंधन वाहते सुमारे ७ मिलिसेकंद. थोडक्यात, पाकिटावर छापलेल्या प्रवाहाच्या ७० टक्केच आपल्या हाती येतात. चार इंजेक्टरांत १०५७ मिलिलिटर वाटले तर प्रत्येकी २६४ येतात, आणि २६४ ला ०.७ ने भागले की ३७७. म्हणजे मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपासचे चार इंजेक्टर पूर्ण शक्तीला पुरतात.

छापलेला आकडा कोणत्या दाबाला मोजला आहे हेही पाहावे. बाजारातले बहुतेक आकडे ३ बारला दिलेले असतात आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३ बारला ५५० मिलिलिटर देणारा इंजेक्टर ४ बारला ६३५ देतो. दाब वाढवून लहान इंजेक्टरकडून जास्त काम करून घेण्याचा मोह मात्र आवरावा. पंपावर ताण येतो, तो वीज जास्त घेतो आणि सुई उघडायलाही जोर लागतो.

अर्ध्या इंजेक्टरांवर उडणे

रोटरी इंजिनात प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर असण्याची पद्धत माझदानेच रूढ केली: कमी भाराला प्राथमिक जोडी, भार वाढला की दुय्यम जोडीही सोबतीला. मोटारीत हे मंद गतीला इंजिन नीट चालावे म्हणून केले होते. विमानात याच रचनेचा वेगळा आणि फार मोठा उपयोग आहे. दोन्ही जोड्या स्वतंत्रपणे बंद करता आल्या, तर एका जोडीत बिघाड झाल्यावर ती तोडून दुसरीवर दोन्ही रोटर चालू ठेवता येतात.

आता एकाच जोडीवर किती शक्ती मिळते ते काढू. माझदाच्या आरएक्स-७ या गाडीच्या दुसऱ्या पिढीतील टर्बो नसलेल्या इंजिनात ४६० मिलिलिटरचे चार इंजेक्टर होते. त्यांच्या एका जोडीतून ७० टक्क्यांच्या हिशेबाने मिनिटाला ६४४ मिलिलिटर इंधन येते आणि त्यावर रिच मिश्रणाने ८२ किलोवॅट, म्हणजे ११० अश्वशक्ती निघते. टर्बो इंजिनातल्या ५५० मिलिलिटरच्या जोडीतून ७७० मिलिलिटर येते आणि ९८ किलोवॅट, म्हणजे सुमारे १३० अश्वशक्ती. एका जोडीवर पूर्ण १८० अश्वशक्ती हवी असेल, तर ७५५ मिलिलिटरचे इंजेक्टर लागतील.

या तिन्हींपैकी कोणता पर्याय घ्यावा, हे विमानाचे वजन ठरवते. पूर्ण भाराने निघालेल्या तुमच्या विमानाला सपाट उड्डाणासाठी किती शक्ती लागते आणि मिनिटाला किमान शंभर मीटर चढण्यासाठी किती, हे आराखड्याच्या कामगिरीच्या आकड्यांवरून काढा. बहुतेक दोन आसनी विमानांना ११० ते १३० अश्वशक्तीत चढता येते. त्यामुळे ५५० मिलिलिटरचे चार सारखे इंजेक्टर ही माझी पहिली शिफारस असते. चार सारखे म्हणण्यालाही कारण आहे. प्राथमिक लहान आणि दुय्यम मोठे ठेवले, तर कोणती जोडी गेली यावर उरलेली शक्ती अवलंबून राहते, आणि ऐन वेळी वैमानिकाच्या डोक्यावर नको तो हिशेब येऊन पडतो. आरएक्स-८मधल्या रेनेसिस इंजिनाच्या जास्त शक्तीच्या आवृत्तीत तर सहा इंजेक्टर असतात. तिथेही विमानासाठी चारच वापरून रचना सोपी ठेवलेली बरी.

मग सरळ मोठेच का घेऊ नयेत?

कारण इंजेक्टर उघडाही अडकू शकतो. बारीक कचरा सुईखाली बसला की प्रवाह थांबत नाही, वीज तोडली तरी थांबत नाही. समजा, पहिल्या रोटरचा ५५०चा प्राथमिक इंजेक्टर असा उघडा अडकला. पूर्ण थ्रॉटलला त्या रोटरला ५२८ मिलिलिटर हवेच असतात आणि अडकलेला इंजेक्टर एकटाच ५५० देतो. वैमानिकाने दुय्यम जोडी बंद केली आणि थ्रॉटल उघडा ठेवला, तर पहिला रोटर जवळपास योग्य मिश्रणावर चालतो आणि दुसऱ्या रोटरला त्याचा प्राथमिक इंजेक्टर चांगल्या स्थितीत मिळतो. शक्ती कमी झाली तरी इंजिन चालते. थ्रॉटल कमी केला मात्र की तोच रोटर गरजेच्या जवळजवळ दुप्पट इंधन पिऊ लागतो आणि विझतो. ही गोष्ट माहीत असलेला वैमानिक धावपट्टी हातात येईपर्यंत थ्रॉटल मागे ओढणार नाही.

आता त्याच जागी १००० मिलिलिटरचा इंजेक्टर कल्पून पाहा. तो अडकला तर पूर्ण थ्रॉटललाही रोटर इंधनात बुडतो आणि कोणतेही बटण दाबून उपयोग होत नाही. मंद गतीला त्याचा दुसरा त्रास होतो. १८०० फेऱ्यांना ताशी ५ लिटर इंधन लागत असेल, तर प्रत्येक रोटरला दर फेऱ्याला ०.०२३ मिलिलिटर हवेत. ५५०च्या एका इंजेक्टरला त्यासाठी २.५ मिलिसेकंद पुरतात आणि तेवढ्या वेळात तो अचूक मोजून इंधन देतो. १०००चे दोन एकदम चालवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.७ मिलिसेकंदही येत नाहीत, आणि एवढ्या थोड्या वेळात दर वेळी सारखेच थेंब पडतील याची खात्री कोणताही इंजेक्टर देत नाही. उतरताना धावपट्टीच्या तोंडाशी इंजिन अडखळण्यामागे कधीकधी एवढेच कारण असते.

विजेचा भाग

जास्त रोधाचे, म्हणजे १२ ते १६ ओहमचे इंजेक्टर घ्यावेत. १४ व्होल्टला १२ ओहमचा इंजेक्टर सव्वा अँपिअरच्या आतच वीज घेतो. २.५ ओहमचा कमी रोधाचा इंजेक्टर प्रतिरोधक न लावता जोडला तर साडेपाच अँपिअर ओढतो आणि त्यासाठी बनवलेला नसेल तर ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालू-बंद करणारा भाग, जाळतो. जुन्या आरएक्स-७ गाड्यांतून काढलेल्या इंजेक्टरांत सुरुवातीच्या वर्षांचे कमी रोधाचे आणि नंतरच्या वर्षांचे जास्त रोधाचे असे दोन्ही मिळतात, म्हणून रंगावर किंवा विक्रेत्याच्या शब्दावर न जाता प्रत्येकाचा रोध मीटरने मोजावा.

डेड टाइम व्होल्टेजवर अवलंबून असतो, आणि विमानात ही बाब मोटारीपेक्षा कितीतरी गंभीर ठरते. अल्टरनेटर बंद पडून बॅटरी ११ व्होल्टवर आली की डेड टाइम सहज ०.४ मिलिसेकंदांनी वाढतो. ५००० फेऱ्यांच्या क्रूझमध्ये ५५०चे चारही इंजेक्टर चालू असतील, तर प्रत्येकाचा परिणामकारक वेळ ३.२ मिलिसेकंदांच्या आसपास असतो. त्यातून ०.४ गेले, म्हणजे मिश्रण साडेबारा टक्क्यांनी लीन झाले: १३.५ असलेले प्रमाण १५.४ वर. इंजेक्टर घेताना त्याचा व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता मिळतो का ते पाहा आणि तो ईसीयूत भरा. असा तक्ता न देणारा स्वस्त नकली माल बाजूला ठेवण्यास एवढे एक कारण पुरेसे आहे.

दोन्ही जोड्यांची वीज एकाच फ्यूजमधून घेतली असेल, तर वर केलेला सगळा हिशेब वाया जातो. प्राथमिक जोडीला स्वतंत्र तार, स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र स्विच द्यावा. दुय्यम जोडीला तसेच सारे वेगळे द्यावे, आणि शक्य असेल तर वेगळ्या बसवरून (वीजवाटपाच्या पट्टीवरून). अर्थिंगचा बिंदूही एकच ठेवू नये. मी पाहिलेल्या एका सुबक हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) चारही इंजेक्टरांचा पुरवठा एका क्रिंपवर, म्हणजे दाबून केलेल्या एका तारजोडावर, येऊन मिळत होता, आणि इतक्या नीटनेटक्या कामात तो क्रिंप कुणाच्या नजरेत आला नव्हता.

बसवण्याची जागा

१३बीत प्राथमिक इंजेक्टर मधल्या लोखंडी हाउसिंगमध्ये बसतात आणि दुय्यम मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत. मधल्या हाउसिंगची उष्णता इंजेक्टरपर्यंत पोहोचू नये म्हणून तळाशी जे इन्सुलेटर असतात ते वगळू नयेत. स्वतः मॅनिफोल्ड बनवणार असाल, तर फवाऱ्याचा आकार पाहून जागा ठरवा. पोर्टच्या जवळ बसणाऱ्या इंजेक्टरचा फवारा अरुंद हवा, नाहीतर इंधन भिंतीवर साचते आणि थ्रॉटल हलवला की उशिरा आत जाते. इंजेक्टर हा रेल (इंजेक्टरांना इंधन पुरवणारी सामाईक नळी) आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये ओ-रिंगवर किंचित हलता राहावा, पण रेल मात्र मॅनिफोल्डला घट्ट बांधलेली असावी. ओ-रिंग फ्लुओरोकार्बन रबराच्या घ्याव्यात, त्या इथेनॉलयुक्त पेट्रोल आणि उष्णता दोन्ही सोसतात. बसवताना तेलाचा हलका हात द्यावा, सीलंट कधीही लावू नये.

मोजल्याशिवाय बसवू नये

चार सिलिंडरच्या इंजिनात एक इंजेक्टर कमी पडला तर बाकीचे तीन सिलिंडर शक्ती थोडीफार सांभाळून घेतात. रोटरीत प्रत्येक रोटरला दोनच इंजेक्टर असतात आणि रोटरला मिळणाऱ्या इंधनातला चार टक्क्यांचा फरकही त्या रोटरचे हवा-इंधन प्रमाण १२.५ वरून १३ वर नेतो. म्हणून नवा असो वा जुना, प्रत्येक इंजेक्टर मोजून घ्यावा.

इंजेक्टर दुरुस्तीच्या दुकानात हे यंत्रावर होते, पण घरीही करता येते. ठिणगीपासून दूर, उघड्या जागी, अग्निशामक हाताशी ठेवून, चारही इंजेक्टर एकाच रेलवर बसवा, खाली चार मोजपात्रे ठेवा आणि ईसीयूच्या चाचणी-सोयीने ५ मिलिसेकंदांचे २००० फवारे द्या. ५५०च्या इंजेक्टरला सुमारे ७३ मिलिलिटर यायला हवेत. ‘जुळवलेला संच’ म्हणून मी घेतलेल्या चार इंजेक्टरांत आकडे आले ७३, ७४, ७३ आणि ६७. चौथ्याच्या तोंडातली बारीक जाळी चिमट्याने काढली, तेव्हा तिच्यात तपकिरी पापुद्रे अडकलेले दिसले. जाळी बदलून आणि स्वच्छता करून पुन्हा मोजल्यावर ७२ आले. तो तसाच बसला असता, तर एक रोटर आयुष्यभर लीन चालला असता आणि मी इग्निशनमध्ये दोष शोधत राहिलो असतो.

शेवटी फवारे थांबवून पंप दाबावर ठेवा आणि दहा मिनिटे टोकांकडे पाहत राहा. थेंब धरणारा इंजेक्टर नाकारावा. त्याचा थेंब उभ्या इंजिनात गळतो आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करताना रोटर बुडवतो.

इंजेक्टरच्या मागची व्यवस्था

इंधन रेलमध्ये ३ बारच्या दाबाखाली सहसा उकळत नाही, ते उकळते पंपाच्या आधीच्या नळीत. म्हणून पंप टाकीच्या जवळ, टाकीच्या पातळीखाली आणि एग्झॉस्टपासून लांब ठेवावेत. दोन पंप, दोन स्वतंत्र फ्यूज. पंपाच्या आधी १०० मायक्रॉनचा आणि नंतर १० मायक्रॉनचा फिल्टर असावा. रेग्युलेटरची संदर्भ-नळी मॅनिफोल्डला जोडावी, म्हणजे इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधला दाबफरक उंचीवर आणि प्रत्येक थ्रॉटलला सारखाच राहतो. पंपाने जास्तीत जास्त गरजेच्या १२५ टक्के इंधन रेलपर्यंत पोहोचवले पाहिजे, ही विमानांतील रूढ कसोटी आपल्या उदाहरणात ताशी ७९ लिटर होते. विमानाचे नाक चढाईच्या कोनात वर करून ती मोजावी.

मूळ तेल-पंप काढून एपेक्स सीलसाठी पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक तेल मिसळणार असाल, तर लिटरला ५ ते ८ मिलिलिटर हे प्रमाण प्रचलित आहे. त्याने इंजेक्टरच्या हिशेबात एक टक्क्यापेक्षा कमी फरक पडतो आणि तो सोडून दिला तरी चालतो. मिसळून झालेले इंधन मात्र गाळूनच टाकीत घालावे.

जमिनीवरची चाचणी

दुय्यम जोडी ज्या मॅनिफोल्ड दाबाला सुरू होते, तो उंबरठा प्रथम ठरवावा. तिथे इंजिन क्षणभर अडखळू शकते, म्हणून तो उतरण्याच्या दाबातही नको आणि क्रूझच्या दाबातही नको. या दोन्हींमध्ये जो पट्टा तुम्ही फक्त ओलांडता, तिथे तो ठेवा.

नंतर विमान बांधून ठेवून इंजिन ७० टक्के शक्तीवर आणा, प्राथमिक जोडी बंद करा, दहा सेकंद थांबा, ती पुन्हा सुरू करा आणि मग दुय्यम बंद करा. दोन्ही वेळा फेरे आणि वाइडबँड सेन्सरने एग्झॉस्टमध्ये मोजलेले हवा-इंधन प्रमाण लिहून घ्या. शिसेयुक्त विमान-पेट्रोल वापरत असाल तर हा सेन्सर लवकर खराब होतो, म्हणून चाचणीसाठी नवा लावा. दोन्ही जोड्यांवर फेरे सारखेच पडले पाहिजेत. पडत नसतील, तर ज्या जोडीवर फेरे जास्त पडतात तिच्यात दोष आहे.

दोन रोटरांच्या एग्झॉस्टच्या तापमानात कायम फरक दिसत असेल, तर दोन्ही रोटरांचे प्राथमिक इंजेक्टर आपापसांत बदलून पाहा. गरम बाजू इंजेक्टरबरोबर दुसऱ्या रोटरवर गेली तर दोष इंजेक्टरचा, तिथेच राहिली तर मॅनिफोल्डचा, प्लगचा किंवा तापमापकाचा. ही अदलाबदल दुय्यम जोडीसाठीही करा, आणि प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला क्रमांक, त्याची मोजलेली मात्रा आणि आताची जागा इंजिनाच्या नोंदवहीत लिहा. एका जोडीवर पूर्ण थ्रॉटलला किती फेरे मिळाले, तो आकडा मात्र नोंदवहीबरोबरच कॉकपिटमध्ये, त्या जोडीच्या स्विचखाली चिकटवून ठेवा.